शेतमाल, कारखाना आणि तीन पिढ्या
इटलीतील फेरेरो कुटुंबाच्या उद्योगाचा इतिहास

शेतमालाला योग्य किंमत यावयाची असेल तर तो कच्च्या स्वरूपात विकून भागत नाही, त्यावर प्रक्रिया झाली पाहिजे, ही गोष्ट आता बहुतेक शेतकऱ्यांना पटलेली आहे. परंतु प्रक्रियेचा कारखाना कोठे असावा, त्यात काम कोणी करावे आणि त्याच्या भरभराटीचा वाटा माल पिकविणाऱ्यापर्यंत कितपत पोहोचतो, या प्रश्नांचा विचार मात्र तितकासा होत नाही. या दृष्टीने इटली देशातील फेरेरो या कुटुंबाच्या उद्योगाचा इतिहास उद्बोधक आहे. एका हलवायाच्या दुकानातून निघालेला हा उद्योग तीन पिढ्यांत जगभर पसरला. तो कसा वाढला, त्यापासून आसपासच्या खेड्यांना काय मिळाले आणि काय मिळू शकले नाही, याची माहिती या लेखात दिली आहे.

लांगे टेकड्यांचा प्रदेश

इटलीच्या वायव्येस पिएमॉन्ते नावाचा प्रांत आहे. त्याच्या दक्षिण भागात लांगे नावाच्या टेकड्यांच्या रांगा पसरलेल्या असून त्यांच्या पायथ्याशी तानारो नदीच्या काठी आल्बा हे लहानसे शहर वसले आहे. खालच्या उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत. वर जावे तसतशी जमीन हलकी व चढाची होत जाते, थंडी वाढते आणि द्राक्षवेल नीट पोसत नाही. आज या प्रदेशाची गणना इटलीतील संपन्न भागांत होते. परंतु दुसऱ्या महायुद्धापर्यंत वरच्या लांगेतील शेतकरी अतिशय गरिबीत दिवस काढीत असे. थोडी जमीन, दोन-चार जनावरे, आणि वर्ष पुरे पडेल की नाही याची सततची चिंता, असा त्याचा संसार होता.

युद्ध संपल्यावर या गरिबीला एक नवी वाट फुटली. सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या तोरिनो शहरातील मोटारींच्या कारखान्यांत माणसे हवी होती. तरुण मंडळी भराभर शहराकडे निघाली. घरे बंद पडली, उतारांवरील बांध ढासळले, शाळांत मुले उरली नाहीत. कोकणातील अथवा घाटमाथ्यावरील वाचकांस हे चित्र समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

हेझलनटचे पीक

वरच्या लांगेत जे पीक चांगले येते ते हेझलनटचे होय. महाराष्ट्रात हे पीक नाही, म्हणून त्याची थोडी ओळख करून देणे इष्ट ठरेल. हे झुडूपवजा झाड असून त्यास कठीण कवचाची लहान गोल फळे लागतात. कवच फोडले असता आतून तेलकट, गोडसर गर निघतो. काजूगराप्रमाणेच तो भाजून खातात व मिठाईत वापरतात. या झाडाला फुलोरा ऐन थंडीत येतो आणि परागण वाऱ्याने होते. झाडाचे स्वतःचे पराग त्याच झाडास उपयोगी पडत नाहीत, म्हणून बागेत दुसऱ्या जातीची काही झाडे लावावी लागतात. लागवडीनंतर चार-पाच वर्षांनी फळ धरू लागते. ऑगस्टच्या सुमारास फळे पिकून आपोआप जमिनीवर गळतात. ती वेचून, वाळवून साठवितात.

लांगेतील स्थानिक जातीला ‘तोंदा जेन्तीले’ म्हणतात. तिचे फळ गोल, कवच पातळ, आणि भाजल्यावर गरावरील साल सहज सुटते. मिठाईवाल्यांना या गुणांचे फार महत्त्व वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलोक्सेरा या किडीने युरोपातील द्राक्षबागांचा नाश केला, तेव्हा या भागात हेझलनटची लागवड वाढीस लागली. परंतु ‘पिकते तेथे विकत नाही’ म्हणतात, तसेच येथेही होते. माल उत्तम, पण गरीब डोंगरात त्याला गिऱ्हाईक नव्हते.

पहिली पिढी : टंचाईतून निघालेली वाट

पिएत्रो फेरेरो यांचा जन्म १८९८ साली या भागातील फारिल्यानो या गावी झाला. ते व्यवसायाने हलवाई होते. पत्नी पिएरा यांच्यासह त्यांनी निरनिराळ्या गावी दुकाने चालविली. काही काळ ते तोरिनोत होते, आणि युद्धकाळात पुन्हा आल्बा येथे येऊन स्थायिक झाले. पिएरा दुकान सांभाळीत, आणि पिएत्रो मागील खोलीत तासन् तास नवनवे प्रयोग करीत.

त्या वेळी कोको अतिशय दुर्मिळ व महाग झाला होता. कोको परदेशातून येणारा, तर हेझलनट दाराशी पिकणारे. तोरिनोच्या मिठाईवाल्यांनी एकोणिसाव्या शतकातच कोकोत हेझलनटचे पीठ मिसळून ‘जांदुया’ नावाचा प्रकार तयार केला होता. पिएत्रो यांनी याच कल्पनेचा आधार घेतला. कोकोचा अंश अल्प आणि हेझलनटचा अंश भरपूर ठेवून त्यांनी एक घट्ट लगदा बनविला. पावाच्या लादीप्रमाणे ही वडी चकचकीत कागदात गुंडाळलेली असे. तिचा काप काढून पावावर ठेवावयाचा आणि खावयाचा. चॉकलेट ज्यांना परवडत नव्हते अशा मजुरांच्या मुलांनाही ती घेता येऊ लागली. १९४६ साली आल्बा येथे फेरेरो कंपनीची रीतसर स्थापना झाली.

या उद्योगाचा पाया दोघा भावांनी मिळून घातला. पिएत्रो माल बनवीत, तर त्यांचे धाकटे बंधू जोव्हान्नी विक्री सांभाळीत. जोव्हान्नी यांनी घाऊक व्यापाऱ्यास मध्ये न घेता स्वतःच्या गाड्यांतून माल थेट किरकोळ दुकानदारास पोहोचविण्याची व्यवस्था उभारली. मालाचा ताजेपणा टिकला, दलाली वाचली आणि गिऱ्हाइकाला काय आवडते हे कारखान्यास लगेच कळू लागले. एकट्या चवीवर ही कंपनी वाढली असे समजणे चुकीचे ठरेल. वितरणाची ही व्यवस्था तितकीच कारणीभूत होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये तानारो नदीस महापूर आला व कारखान्यात चिखल भरला. कामगारांनी तो उपसून यंत्रे साफ केली आणि काम पुन्हा सुरू झाले. पुढे १९९४ च्या नोव्हेंबरात त्याच नदीने याहूनही भयंकर रूप धारण केले, तेव्हाही कामगार असेच मदतीस धावले. कारखान्यावर पोट असणे आणि कारखाना आपला वाटणे यांत अंतर आहे, ते अशा वेळी दिसून येते.

पिएत्रो १९४९ साली, वयाच्या अवघ्या पन्नाशीत वारले. कारभार बंधू जोव्हान्नी यांनी पाहिला. पण तेही १९५७ साली निवर्तले.

दुसरी पिढी : माणसास गावातच ठेवणारा कारखाना

आता सर्व भार पिएत्रो यांचे एकुलते पुत्र मिकेले यांच्यावर पडला. त्यांचे वय तेव्हा ३२ वर्षांचे होते. सूत्रे हाती घेताना त्यांनी कामगारांस एक पत्र लिहिले आणि कामगारांच्या व त्यांच्या मुलाबाळांच्या भवितव्याची निश्चिती करणे हे आपले कर्तव्य असल्याचे सांगितले. अशी पत्रे पुष्कळ मालक लिहितात. या पत्रामागे एक प्रत्यक्ष व्यवस्था होती, म्हणून त्याची नोंद घ्यावयाची.

ती व्यवस्था म्हणजे मोटारगाड्यांची. कारखान्यास माणसे लागत होती आणि ती डोंगरातील खेड्यांत होती. त्यांनी आल्बात येऊन राहावे असा आग्रह न धरता कंपनीने गावोगावी बसगाड्या पाठविल्या. पाळीच्या वेळेस गाडी गावात येई, माणसांना घेऊन जाई व काम संपल्यावर परत आणून सोडी. माणूस दिवसा कारखान्यात राबे व संध्याकाळी आपल्या घरी, आपल्या शेतावर असे. घरातील वडीलधारी मंडळी, पत्नी व मुले मळा आणि जनावरे पाहात. चॉकलेटला मुख्य मागणी थंडीत असते, आणि हेझलनट व द्राक्षाचा हंगाम त्याआधी आटोपतो. त्यामुळे दोन्ही कामांची सांगड घालणे अधिक सोपे जाई.

या साध्या योजनेचे परिणाम दूरवर झाले. महिन्याच्या ठरलेल्या पगारामुळे शेतकऱ्यास सावकाराकडे जाण्याचे कारण उरले नाही. हाती आलेला पैसा घर दुरुस्तीस, नव्या द्राक्षवेलीस व हेझलनटच्या लागवडीस उपयोगी पडला. जमीन पडीक राहिली नाही. पुढे या भागातील द्राक्षमद्यास व पर्यटनास जे महत्त्व आले, त्यात गावे वसती राहिल्याचा मोठा वाटा आहे. वरच्या टेकड्यांतील सगळीच गावे वाचली असे नव्हे. पुष्कळ गावांची वस्ती घटलीच. परंतु आल्बाच्या आसपास गळती रोखण्यास या बसगाड्यांनी हातभार लावला, हे निर्विवाद होय.

मालाच्या बाबतीतही मिकेले यांची दृष्टी चौकस होती. गिऱ्हाइकाला ते ‘वालेरिया’ या एका काल्पनिक गृहिणीच्या नावाने संबोधीत. आज बाजारास निघालेल्या वालेरियास काय हवे आहे, हाच प्रश्न ते नेहमी विचारीत. वडिलांची घट्ट वडी १९५१ साली पावास लावता येण्याजोगी मऊ करण्यात आली होती. तिचे नाव ‘सुपरक्रेमा’. मिकेले यांनी ती आणखी सुधारली. याच सुमारास इटलीत मालाच्या नावांतील अतिशयोक्तीवर कायद्याने बंधन आले आणि ‘सुपर’ हा शब्द अडचणीचा ठरला. म्हणून नवे नाव शोधण्यात आले. २० एप्रिल १९६४ रोजी ‘नुटेला’ची पहिली बरणी बाहेर पडली.

त्याच्याही आधी, १९५६ साली, कंपनीने जर्मनीत कारखाना काढला होता. पुढे किंडर ही मुलांसाठीच्या चॉकलेटांची माला (१९६८), टिक टॅक (१९६९) आणि फेरेरो रोशे (१९८२) असे एकेक पदार्थ येत गेले. १९८३ साली आल्बा येथे एक सामाजिक संस्था सुरू करण्यात आली. पंचवीस वर्षे वा अधिक सेवा करून निवृत्त झालेल्या कामगारांसाठी ती आजही आरोग्य व सांस्कृतिक उपक्रम चालविते. कंपनीचे भाग बाजारात कधीही विक्रीस काढले गेले नाहीत, मालकी कुटुंबातच राहिली. तिमाहीच्या नफ्याचा जाब विचारणारे भागधारक नसल्याने एखादा पदार्थ मनाजोगा होईपर्यंत वर्षानुवर्षे थांबणे शक्य होई.

येथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नुटेलात हेझलनटचे प्रमाण सुमारे १३ टक्के असून सर्वात मोठा घटक साखर हाच आहे. धंद्याचा नमुना म्हणून या पदार्थाकडे पाहावे. मुलांच्या रोजच्या पोषक आहारात त्याची गणना करू नये.

तिसरी पिढी : वाढ आणि अंतर

आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची रीत आपल्याप्रमाणे तेथेही आहे. मिकेले यांच्या मुलांची नावे पिएत्रो व जोव्हान्नी. १९९७ साली कारभार या दोघा भावांकडे आला. पण २०११ साली दक्षिण आफ्रिकेत सायकल चालवीत असता थोरले पिएत्रो अकाली मृत्यू पावले. वडील मिकेले २०१५ च्या फेब्रुवारीत, ८९ व्या वर्षी निवर्तले. २०१७ साली जोव्हान्नी यांनी दैनंदिन कारभार कुटुंबाबाहेरच्या व्यवस्थापकाकडे सोपविला. कंपनीच्या इतिहासात असे प्रथमच घडले.

याच काळात वाढीची पद्धतही बदलली. पहिल्या दोन पिढ्यांनी आपलेच पदार्थ घडवून धंदा वाढविला. तिसऱ्या पिढीने इतरांचे धंदे विकत घेण्यास सुरुवात केली. २०१५ साली ब्रिटनमधील थॉर्नटन्स, २०१८ साली नेस्ले कंपनीचा अमेरिकेतील मिठाईचा धंदा आणि २०२५ साली अमेरिकेतील डब्ल्यू. के. केलॉग ही न्याहारीच्या धान्यपदार्थांची कंपनी, असे मोठे व्यवहार झाले. २०२४ साली संपलेल्या वर्षात समूहाची उलाढाल सुमारे १,८४० कोटी युरो होती.

वाढीबरोबर अंतरही वाढते. एप्रिल २०२२ मध्ये बेल्जियममधील आर्लों येथील कारखान्यातील मालात साल्मोनेला जंतू सापडल्याने अनेक देशांतून किंडर चॉकलेटे परत मागवावी लागली आणि तेथील सरकारने कारखान्याचा परवाना काही काळ स्थगित केला. कारखान्यात हा जंतू आधीच्या डिसेंबरातच आढळला होता. ज्या घराण्याने मुलांच्या खाद्यपदार्थांवर नाव कमावले, त्यालाही स्वच्छतेतील चूक भोवली. खाद्यपदार्थाच्या धंद्यात पूर्वपुण्याई फार काळ पुरत नाही.

बागाईतदाराचा हिस्सा

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. लांगेतील हेझलनटमुळे हा उद्योग जन्मला. पण आज त्या टेकड्यांतील सर्व पीक घेतले तरी या उद्योगाची भूक भागणार नाही. जगातील हेझलनटपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक माल तुर्कस्तानात, काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील लहान लहान बागांत पिकतो. मार्च २०१४ मध्ये तेथे कडाक्याचे हिम पडून पीक बुडाले व जगभर भाव कडाडले. त्याच वर्षी फेरेरोने तुर्कस्तानातील ओल्तान ही हेझलनटची मोठी व्यापारी कंपनी विकत घेतली. अशा प्रकारे कारखानदार आता बागेच्या दारापर्यंत पोहोचला आहे. तेथील लहान बागवाल्यांची तक्रार अशी की, एकच मोठे गिऱ्हाईक असले म्हणजे भाव ठरविण्यात आपणांस फारसा वाव उरत नाही. या बागांत वेचणीस येणाऱ्या हंगामी मजुरांची हलाखी आणि त्यांत राबणारी लहान मुले यांविषयीही वारंवार लिहिले गेले आहे. ज्या कंपनीने आल्बाच्या मजुरासाठी दारात गाडी पाठविली, तिच्या मालाची साखळी एवढी लांबली की दुसऱ्या टोकाचा मजूर तिला सहज दिसेनासा झाला.

इटलीतही २०१८ साली कंपनीने दीर्घ मुदतीच्या खरेदी करारांच्या आधारे आणखी २०,००० हेक्टरवर हेझलनट लावण्याची योजना जाहीर केली. काही शेतकऱ्यांनी तिचे स्वागत केले. परंतु रोमच्या उत्तरेस वितेर्बो भागातील लोकांनी, सगळीकडे एकच पीक झाल्यास पाणी, औषधफवारणी व तळ्यांचे प्रदूषण हे प्रश्न उभे राहतील, असा आक्षेप घेतला. हा आक्षेप ऐकून घेण्याजोगा आहे.

लांगेतील बागाईतदारांनी मात्र आपल्या परीने एक उपाय केला. १९९३ साली पिएमॉन्तेच्या हेझलनटच्या भौगोलिक नावास संरक्षण मिळाले. ठराविक प्रदेशात, ठराविक जातीचे व ठराविक प्रतीचे पीक असेल तरच ते नाव वापरता येते. यायोगे त्यांच्या मालास मोठ्या कारखान्याखेरीज आइस्क्रीमवाले, हलवाई व लहान उत्पादक असे दुसरेही गिऱ्हाईक मिळाले. कारखाना कितीही चांगला असला तरी बागाईतदाराची स्वतःची ओळख व दुसरी बाजारपेठ असणे किती आवश्यक आहे, हे यावरून लक्षात येईल.

बारामतीचा संबंध

या उद्योगाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत आला आहे. मिकेले यांच्या पुढाकाराने कॅमेरून, दक्षिण आफ्रिका व भारत या देशांत रोजगारनिर्मितीच्या उद्देशाने कारखाने काढण्यात आले. त्यांपैकी भारतातील कारखाना पुणे जिल्ह्यात बारामती येथे आहे. किंडर जॉय व टिक टॅक हे पदार्थ तेथे तयार होतात. खेड्यांतील माणसास काम त्याच्या घराजवळ मिळावे, या आल्बातील कल्पनेचेच हे पुढचे पाऊल होय.

विचारात घेण्याजोग्या गोष्टी

आपल्या गावी प्रक्रिया उद्योग काढण्याचा अथवा एखाद्या कंपनीशी करार करण्याचा विचार चालू असेल, तर या इतिहासावरून पुढील मुद्दे ध्यानात ठेवावेत.

१. दाराशी जे विपुल व उत्तम पिकते, त्यापासून आरंभ करावा. दुर्मिळ व महाग घटकावर धंदा उभा करण्यापेक्षा त्याची उणीव स्थानिक मालाने भरून काढता येते काय, हे पाहावे.

२. माल बनविणारा आणि माल विकणारा, दोघेही तितकेच महत्त्वाचे. शेतकरी उत्पादक कंपन्या यंत्रसामग्रीवर पैसा घालतात, पण विक्रीची व्यवस्था मागाहून पाहू म्हणतात. दोन्हींची आखणी एकाच वेळी करावी.

३. कामाच्या पाळ्या ठरविताना पेरणी, कापणी व दुधाच्या वेळा विचारात घ्याव्यात. मजुरांची ने-आण करणे हा वायफळ खर्च नव्हे. त्यानेच गाव वसते राहते.

४. करार करताना दर कसा ठरेल, प्रत कोण व कशी तपासील, पैसे किती दिवसांत मिळतील आणि पीक बुडाल्यास काय, या चार गोष्टी लेखी घ्याव्यात. सगळा माल एकाच गिऱ्हाइकाच्या हवाली करू नये.

५. एकच पीक सगळ्या शिवारात पसरविण्यापूर्वी विहिरींचे पाणी व जमिनीचा कस यांचा हिशेब मांडावा.

६. घरच्या धंद्यात पुढच्या पिढीचा विचार वेळीच करावा. दोन भावांनी कामे वाटून घेतल्याने हा उद्योग उभा राहिला, आणि वेळ येताच तिसऱ्या पिढीने बाहेरच्या जाणकार माणसास कारभार दिल्याने तो मोडला नाही. आपल्याकडे पुष्कळ चांगले धंदे वाटणीच्या भांडणात बुडतात.

कारखाना शेतकऱ्याच्या जवळ आला म्हणजे शेतकऱ्याचे कल्याण आपोआप होते, असे नाही. आल्बात ते पुष्कळ अंशी झाले, कारण कारखान्याने माणसाला त्याच्या जमिनीपासून तोडले नाही आणि बागाईतदारानेही आपल्या मालाची प्रत व नाव जपले. या दोन्ही बाजू सांभाळल्या जातील असे पाहणे, आणि करारावर सही होण्यापूर्वी शेतकऱ्यास त्यातील प्रत्येक कलम वाचून दाखविणे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम होय.